‘आदी’ या शब्दात कोण कोण

मे महिन्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीच्या आगेमागे सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या भागातल्या कुठल्याही दैनिकाचं तालुक्याचं पान उघडा, एक बातमी हमखास भेटते. अमुक विद्यालयाच्या अमुक सालच्या दहावीच्या तुकडीचा स्नेहमेळावा उत्साहात पार पडला. दीपप्रज्वलन झालं, दिवंगत शिक्षकांना आणि सवंगड्यांना श्रद्धांजली वाहिली, निवृत्त गुरुजनांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. शिपाईमामांनी पुन्हा एकदा घंटा दिली, वर्ग भरला, हजेरी झाली, आठवणींना उजाळा मिळाला. मग शाळेला भेट दिलेल्या वस्तूचं नाव, त्यानंतर पाच-सहा माणसांची नावं, आणि त्यांच्या पाठोपाठ ‘आदी उपस्थित होते’. शेवटच्या दोन ओळींत सूत्रसंचालन कुणी केलं आणि आभार कुणी मानले. वर्षानुवर्षं हा साचा तसाच आहे आणि त्यामुळे शहाणी माणसं ही बातमी न वाचता पान उलटतात. मला मात्र ती फार मोलाची वाटते. अपघात, गुन्हा, निवडणूक किंवा उपोषण यांपैकी काहीही न घडता साधी माणसं वर्तमानपत्रात येतात अशा जागा थोड्या, त्यांतली ही एक आहे. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ साली पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला तेव्हा गावोगावच्या बारीक बातम्यांना पानावर मानाने जागा दिली. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या दैनिकांनी ती वाट रुंद केली. त्या वाटेवरूनच ही बातमी आपल्यापर्यंत येते. माझं भांडण तिच्या साच्याशी नाही, तिच्यातल्या एकाच शब्दाशी आहे: ‘आदी’. शाळा साधी असेल तर हा शब्द खपून जाईल. शाळा बोर्डिंगची असेल तर तो खपू नये, असं माझं म्हणणं आहे.

मराठी मुलखात ‘बोर्डिंग’ म्हटलं की पाचगणीच्या टेकडीवरच्या शाळा सगळ्यात शेवटी आठवतात. आधी आठवतं ते कोल्हापूर. शाहू महाराजांनी १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करवलं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग उभं राहिलं, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंगचा पाया पडला, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. याच काळात आणि पुढच्या काही वर्षांत लिंगायत, नामदेव शिंपी, पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती अशी एकामागून एक वसतिगृहं झाली. गावात चौथीच्या पुढे शाळा नाही आणि शहरात मुलाला ठेवायला घर नाही, या दुहेरी अडचणीवर महाराजांनी काढलेला तो तोडगा होता. कुंभोजचे भाऊराव पाटील हे या कोल्हापुरातल्याच जैन बोर्डिंगात राहिलेले विद्यार्थी. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांना शुद्धीसाठी अंघोळ करायला सांगितलं, त्यांनी ती केली नाही आणि म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. कोल्हापुरातली बोर्डिंगं जातवार होती. साताऱ्यात भाऊरावांनी सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली आणली आणि एका पंगतीला बसवली. पोरांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा राहिलं नाही. दळण, स्वयंपाक, झाडलोट, शेतातली कामं मुलं स्वतः करायची.

या इतिहासातली एक अगदी साधी गोष्ट मला पुन्हा पुन्हा विचार करायला लावते. जिथे शंभर पोरांचा स्वयंपाक व्हायचा असतो तिथे आधी माथी मोजावी लागतात. किती भाकऱ्या थापायच्या, आमटीत किती पाणी घालायचं, हे मोजणीवर ठरतं. दिवसाच्या शाळेतली हजेरी शिक्षकाची असते. मुलगा आला नाही तर तो घरी असतो आणि घर त्याचं बघून घेतं. बोर्डिंगात पानावर माणूस कमी दिसला की प्रश्न सगळ्यांचा होतो. ताप आला म्हणून तो वळकटीत पडून आहे, की रात्री घरच्या आठवणीने स्टँडकडे गेला, की सुगीला बापाने नेला? शेजारच्या पाटावरचा मुलगा उत्तर देतो, कारण त्याची पत्र्याची ट्रंक याच्या ट्रंकेला लागून असते. अकरा-बारा वर्षांच्या पोरांनी एकमेकांच्या असण्या-नसण्याचा हिशोब ठेवणं ही त्या जगण्याची रोजची गरज होती. म्हणून बोर्डिंगातली मैत्री वर्गमैत्रीहून वेगळ्या मातीची असते. तिच्यात जबाबदारी आधी येते, प्रेम मागून येतं. आणि म्हणूनच तीस वर्षांनी तीच माणसं एकत्र जमतात तेव्हा ‘किती आले’ याइतकाच ‘कोण आलं नाही, का आलं नाही’ हा प्रश्न त्यांना लागू पडतो. मेळाव्यात शिक्षक हजेरी घेतात, एखाद्या नावाला उत्तर येत नाही, क्षणभर शांतता पसरते, कुणीतरी मागून दबक्या आवाजात काहीतरी सांगतं आणि पुढचं नाव पुकारलं जातं. माझ्या मते त्या दिवसातली खरी बातमी त्या दबक्या आवाजात असते, आणि ती छापली जात नाही.

मराठीत आपण पत्र लिहायचो तेव्हा ‘इकडील सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवावी’ असं लिहायचो. खुशाली आणि बातमी यांत फरक आहे. बातमी घडलेल्या गोष्टीची असते. खुशाली माणसाची असते, आणि काहीही घडलेलं नसलं तरी ती कळवायची असते. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की वाचण्याआधीच घरात रडारड व्हायची, कारण खुशाली तुटल्याची ती खूण होती. बोर्डिंगच्या माजी विद्यार्थ्यांना एकत्र ठेवते ती ही खुशाली. वर्षभर, इथून तिथे, तोंडी किंवा फोनवर फिरणारी. मेळावा हे तिचं एका दिवसाचं रूप. ही फिराफिरी कशी चालते हे पाहायला मुंबईत शीव कोळीवाड्यासारखी दुसरी जागा नसेल.

शीव म्हणजे वेस. मुंबईचं बेट इथे संपायचं आणि पलीकडे साष्टी सुरू व्हायची. मूळ वस्ती कोळ्यांची. फाळणीनंतर पंजाबातून आलेले निर्वासित इथल्या लष्करी बराकींत उतरले आणि इथलेच झाले. हार्बर मार्गावरच्या कोळीवाडा स्टेशनाला आज गुरू तेग बहादूर यांचं नाव आहे. जवळच प्रतीक्षानगर. गिरगाव, लालबाग, परळच्या जुन्या चाळी मोडकळीला आल्या की तिथली कुटुंबं ज्या ट्रान्झिट कॅम्पांत यायची, त्यांतला एक मोठा कॅम्प इथला. ‘दोन-तीन वर्षांत परत जाऊ’ म्हणून आलेल्यांची मुलं इथेच लग्नाला आली. घाटावर जाणाऱ्या रात्रीच्या खाजगी गाड्या शीव सर्कलच्या आसपास माणसं घेतात, पहाटे इथेच उतरवतात. आणि या सगळ्याच्या मधोमध १९४७ साली सुरू झालेलं पालिकेचं लोकमान्य टिळक रुग्णालय, ज्याला अख्खा महाराष्ट्र शीव हॉस्पिटल म्हणतो. तालुक्याच्या डॉक्टरने ‘मुंबईला हलवा’ म्हटलं की ज्या तीन-चार ठिकाणांची नावं निघतात, त्यांत हे एक. वेशीवर जे जे असायला हवं ते सगळं या अर्ध्या तासाच्या टापूत आहे: येणारी गाडी, टेकायची जागा, आजारी माणूस आणि त्याच्यासाठी धावणारा कुणीतरी.

पहाटेच्या गाडीतून माणसांबरोबर जे सामान उतरतं ते नीट पाहावं. तांदळाची गोणी, काकवीची बरणी, शेंगांची पिशवी, भाकरीचं गाठोडं. बरणीच्या झाकणावर आणि गाठोड्याच्या आत वर्तमानपत्राचा कागद असतो आणि तो बहुतेक वेळा मुंबई आवृत्तीचा नसतो. ‘पुढारी’चं, ‘सकाळ’चं, ‘तरुण भारत’चं ते तालुक्याचं पान असतं, आठ-पंधरा दिवसांचं शिळं, तेलाचे डाग पडलेलं. प्रतीक्षानगरच्या खोलीत ते गाठोडं सुटतं आणि कागद फेकण्याआधी वाचला जातो. साखर कारखान्याचं गाळप, पाणीपुरवठा योजना, शाळेचा निकाल, कुणाचा दशक्रियाविधी. त्यात स्नेहमेळाव्याची बातमी आणि धूसर छायाचित्र असेल तर चेहरे ओळखण्याचा प्रयत्न होतो. ओळखू येतात ते पुढच्या रांगेतले. बातमीत नावंही त्यांचीच. मागे उभे असलेले ‘आदी’. आणि जे छायाचित्रात नाहीतच त्यांच्यासाठी तर ‘आदी’सुद्धा नाही. मग वाचणारा आपल्या बाकावरच्या कुणाला तरी फोन करतो: ‘अरे, तो आपला दिसत नाही रे.’ गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या तेव्हा हे काम त्या खोल्या करायच्या. एकेका खोलीत वीस-तीस गडी पाळीपाळीने झोपायचे, दर आठवड्याला कुणीतरी गावाहून आलेला असायचा, आणि बोर्डिंगात शिकणाऱ्या पोरांची खुशाली त्याच्या तोंडून खोलीभर पसरायची. खोल्या गेल्या तरी ते काम संपलेलं नाही. गावाकडून रुग्णाला घेऊन निघालेली माणसं हायवेवर असतानाच शीवमधल्या कुणाला तरी फोन येतो. तो रजा टाकतो, केसपेपरच्या रांगेत उभा राहतो, वॉर्डातल्या मामांना विचारून बेडचा अंदाज घेतो, रक्त द्यायला चार जण गोळा करतो, नातेवाइकांना रात्री टेकायला जागा बघतो. हा माणूस आणि रुग्ण यांचं रक्ताचं नातं नसतं. एकाच बोर्डिंगात, बहुधा चार-पाच वर्षांच्या अंतराने, दोघांनी भाकऱ्या मोडलेल्या असतात.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त वाटावा असा आहे. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, प्रत्येक तुकडीचा गट आहे, सकाळच्या नमस्कारापासून वाढदिवसाच्या केकपर्यंत सगळं क्षणात कळतं. मग बातमीचं आणि खुशालीचं एवढं कौतुक कशाला? पण गटावर बोलतो तो ज्याच्याजवळ सांगण्यासारखं काही आहे तो. बदली झाली, घर बांधलं, मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला, की गटावर फुलं पडतात. ज्याची नोकरी गेली, ज्याने पिकं जळल्यावर कर्ज काढलं, ज्याच्या घरात दारूने थैमान घातलं, तो गटावर असला तरी गप्प असतो आणि हळूहळू बाहेर पडतो. बाहेर पडल्याचं फोनवर एका ओळीत दिसतं आणि ती ओळ त्या दिवसाच्या शुभेच्छांखाली गडप होते. साठ जणांच्या गटात बोलणारे दहा असतात आणि त्या दहांना वाटत राहतं की आपण सगळे संपर्कात आहोत. पंगतीत गप्प बसलेला पोरगा दिसायचा, कारण त्याचं पान समोर मांडलेलं असायचं. फोनने अंतर कमी केलं हे मी नाकारत नाही, शीवच्या त्या माणसाला रात्री दोन वाजता फोन लागतो तो मोबाइलमुळेच. पण गप्प असलेल्याला शोधायला अजूनही कुणीतरी चपला घालून निघावं लागतं.

माणसं ‘आदी’त जातात कशी, हेही पाहिलं पाहिजे, कारण त्यांचा तो दोष नसतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतल्या असंख्यांना पुन्हा कधी मशीनवर उभं राहता आलं नाही. गावी वसतिगृहात शिकणाऱ्या पोराची फी ज्या मनीऑर्डरीतून जायची, ती मनीऑर्डर थांबली की काय होतं हे सांगायला आकडेवारी लागत नाही. त्या वर्षांतल्या तुकड्यांचे हजेरीपट आठवी, नववी, दहावी असे ओळीने ठेवून वाचले तर नावं कुठे गळत गेली ते दिसेल. पण मेळावा भरतो दहावीच्या तुकडीचा. नववीत ज्याने शाळा सोडली त्याला कुणी माजी विद्यार्थी म्हणतच नाही, आणि बोर्डिंगातली चार वर्षं मात्र त्याने सगळ्यांबरोबर काढलेली असतात. कोयनेच्या धरणाने खोऱ्यातली गावं उठवली, माणसं ठाण्या-रायगडापासून सोलापुरापर्यंत विखुरली. जावळी-पाटणची कितीतरी माणसं मुंबईत माथाडी झाली. शाळेच्या जुन्या वहीत त्यांचा पत्ता म्हणून जे गाव लिहिलंय ते पाण्याखाली आहे. मुंबईचे पत्तेही तसेच. वहीत ‘डिलाईल रोड’ असतं, ती चाळ उतरवली गेलेली असते, मग प्रतीक्षानगरचा कॅम्प, मग कॅम्पातूनही दुसरीकडे. आमंत्रणाचं पत्र ज्या पत्त्यावर जातं तिथे त्या नावाचं कुणी राहत नाही आणि संयोजक प्रामाणिकपणे म्हणतात, संपर्क होऊ शकला नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल जाणारा आहे. बोर्डिंगच्या आठवणी सगळ्यांना गोड नसतात. अर्धपोटी झोपणं, खरूज, थंड पाण्याची अंघोळ, थोराड पोरांची दादागिरी, छडी, घरासाठी उशीत तोंड खुपसून रडणं, हेही बोर्डिंगच आहे. ज्याला ते विसरायचंय त्याला शोधून काढून फेटा बांधून स्टेजवर का बसवायचं? हा प्रश्न मी पूर्ण मान्य करतो. न येण्याचा हक्क हा येण्याइतकाच पक्का आहे. पण मी मागतोय ती उपस्थिती नव्हे. मागतोय ती फक्त विचारपूस. आलास तर ये, नाही तर तिथे सुखी राहा, काही लागलं तर हा नंबर, एवढं कुणीतरी त्याच्यापर्यंत पोचवावं. महाराष्ट्रात आदिवासी विकास विभागाच्या शासकीय आणि अनुदानित मिळून हजाराहून अधिक आश्रमशाळा आहेत. संख्येने पाहिलं तर आजच्या मराठी बोर्डिंगचा सगळ्यात मोठा हिस्सा हाच. त्यांची नावं वर्तमानपत्रात येतात ती बहुधा सर्पदंश, विषबाधा किंवा तापाने मूल दगावलं तेव्हा. तिथून दहावी झालेली मुलं-मुली पुढे कुठे गेली, कोण परिचारिका झाली, कोण वीटभट्टीवर गेलं, याची खुशाली ठेवणारी यंत्रणा नाही आणि त्यांच्या मेळाव्याच्या बातम्या तुरळक. म्हणजे ज्यांच्या बोर्डिंगात कष्ट जास्त होते त्यांचाच माग सगळ्यात कमी ठेवला जातो. वाईट आठवणींचा आक्षेप घेणाऱ्याने इथे थांबून पाहावं: ज्यांना बोर्डिंगने दुखवलं त्यांच्यापाशी त्या दुखण्याचा साक्षीदार म्हणून उरलेले असतात ते तिथलेच सोबती.

किल्लारीचं उदाहरण तर मला या सगळ्या चर्चेच्या मुळाशी नेतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावं कोसळली आणि हजारो माणसं गाडली गेली. भूकंपग्रस्त घरांतली सुमारे १,२०० मुलं शांतिलाल मुथ्था आणि भारतीय जैन संघटनेने पुण्याला आणली, आधी पिंपरीत आणि पुढे वाघोलीला त्यांच्या राहण्या-शिकण्याची व्यवस्था केली. इतर बोर्डिंगांतलं मूल सुट्टी लागली की घरी जातं, म्हणून बोर्डिंग हा त्याच्या आयुष्याचा अर्धाच भाग. यांतल्या कित्येकांना जायला ते घर नव्हतं, आणि गावही जुन्या जागी उरलं नव्हतं. नव्या जागेवर नव्या आखणीचं गाव उभं राहत होतं. ‘मूळ गाव’ हा शब्द ज्या अर्थाने आपण वापरतो त्या अर्थाने त्यांचं मूळ गाव म्हणजे वाघोलीची ती खोली आणि त्या खोलीतली माणसं. अशा माणसांच्या बाबतीत माजी विद्यार्थ्यांचा संपर्क ही हौस आहे असं कोण म्हणेल? लग्न ठरवताना मुलाकडची माणसं म्हणून कुणी बसायचं, बाळंतपणाला माहेर कुठलं, दुखण्यात उशाशी कोण, हे सगळे प्रश्न त्या खोलीला विचारायचे असतात. किल्लारीत जे टोकाला गेलं ते थोड्या फरकाने प्रत्येक बोर्डिंगात असतंच.

तिसरा आक्षेप समाजाच्या अंगाने येतो. माजी विद्यार्थ्यांच्या संघटना म्हणजे शेवटी आपापल्या माणसांचे गोट; नोकऱ्या, बदल्या, सोयरिकी आणि तिकिटं तिथे ठरतात, आणि कोल्हापूरच्या बोर्डिंगांनी जातवार शिक्षण दिलं तसे त्यांचे मेळावेही जातवारच झाले. यात तथ्य आहे. पण यातून निघतं ते इतकंच, की पंगत कुणाकुणाची होती याकडे पाहायला हवं. आणि दुसरी गोष्ट, एका समाजाच्या वसतिगृहातली ओढही फक्त आपल्यापुरती राहते असं नाही. शीव कोळीवाड्याहून एक स्टेशन अलीकडे वडाळा. तिथे बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ विहार वसतिगृह. गावाकडून आलेली दलित मुलं तिथे राहून कॉलेज करायची. १९७० च्या सुमाराला अस्पृश्यतेची पाहणी करणाऱ्या एलयापेरुमल समितीचा अहवाल पुढे आला, १९७२ साली परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना झाल्याची आणि इंदापूर तालुक्यातल्या बावड्याला दलितांवर बहिष्कार पडल्याची बातमी आली. गावाकडची बातमी वडाळ्याच्या खोल्यांत वाचली गेली तेव्हा ती वाचणाऱ्यांना ते गाव नकाशावर शोधावं लागलं नाही. असलीच गावं सोडून ते आले होते. त्याच वर्षी नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी दलित पँथर उभी केली आणि सिद्धार्थ विहार हा त्या चळवळीचा एक अड्डा झाला. प्रादेशिक बातमी आणि वसतिगृहातलं एकत्र राहणं यांची गाठ पडली की काय होऊ शकतं, याचा इतका जवळचा पुरावा दुसरीकडे शोधायला जायची गरज नाही. तिथे ‘आदी’ म्हणून सोडून दिलेल्या माणसांसाठी ती मुलं रस्त्यावर आली.

राहिला पैशाचा मुद्दा. मेळाव्यातून शाळेला पाण्याची टाकी मिळते, प्रोजेक्टर मिळतो, प्रवेशद्वाराची कमान मिळते. हे काय कमी आहे? कमी नाही. ग्रामीण शाळांची गरज मोठी आहे आणि देणाऱ्याचा हात थांबवू नये. मला एवढंच वाटतं की कमानीवर नावं कोरण्याआधी त्याच तुकडीतल्या कुणाच्या मुलीची फी थकली आहे का, हे एकदा विचारावं. शाहू बोर्डिंगातल्या पोरांसाठी लक्ष्मीबाईंनी दिलेल्या सोन्याची कमान झाली नाही. ते त्या महिन्याच्या धान्यात गेलं, आणि म्हणूनच शंभर वर्षांनी ते आपल्याला माहीत आहे.

आता पुन्हा त्या बातमीकडे. तालुक्याचे वार्ताहर म्हणतील, जागा कुठे आहे? एक कॉलम, फार तर दीडशे शब्द, त्यात छायाचित्र. त्यांचं खरं आहे, आणि उपाय त्याच दीडशे शब्दांत आहे. सूत्रसंचालन कुणी केलं आणि आभार कुणी मानले ही दोन वाक्यं काढा. ‘आठवणींना उजाळा’ आणि ‘डोळे पाणावले’ हे काढा. न लिहिताही ते प्रत्येकाला ठाऊक आहे. पाच-सहा नावं आणि त्यांच्या मागचं ‘आदी’ हेही काढा. चाळीसेक शब्द मोकळे होतात. तेवढ्यात लिहिता येईल: आठवीला किती जण बोर्डिंगात होते, आज त्यांतले किती आले, किती वारले, आणि कुणाकुणाचा पत्ता लागलेला नाही, ती नावं, त्यांची मूळ गावं आणि शाळेचा फोन नंबर. मग तो कागद कुणाच्या तरी काकवीच्या बरणीवर बसून पहाटेच्या गाडीने शीवला उतरेल, प्रतीक्षानगरच्या खोलीत सुटेल, आणि वाचता वाचता कुणीतरी म्हणेल, ‘अरे, हा तर आपल्या पलीकडच्या बिल्डिंगीत राहतो.’